चातुर्मासातील तट्टू : सीपरी बाजारातील लहान घोडे, माश्या आणि लीद

आषाढ शुद्ध एकादशीला विवाहाचे मुहूर्त थांबतात आणि झाशीच्या सीपरी बाजारातील वरातीच्या घोड्यांना काम उरत नाही. कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचे चार महिने ही जनावरे ठाणावर बांधलेली असतात. बुंदेलखंडात पावसाचे आणि म्हणून माश्यांचेही महिने हेच. घोड्याची कमाई शून्य, चाऱ्याचा खर्च कायम आणि रक्त शोषणाऱ्या माश्या वर्षातील सर्वाधिक, अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येतात. श्रावण-भाद्रपदात माशीने दिलेला आजार आश्विन-कार्तिकात अंगावर दिसू लागतो. बँडवाला दारात येऊन तारखा ठरवू लागतो, त्या सुमारास घोडी खाऊनपिऊन खंगत असते आणि तिच्या मागच्या पायांत झोकांड्या येत असतात. मालकाला वाटते, चंदी कमी पडली. तो चंदी वाढवतो. आजार चंदीचा नसतो.

सीपरी बाजार हा झाशीचा रेल्वेमार्गापलीकडचा गजबजलेला भाग. दुकानांची दाटी संपून घरांमागे शेताचे तुकडे दिसू लागतात, त्या कडेच्या वस्तीत आजही काही कुटुंबे घोडी बाळगून आहेत. एक-दोन तट्टे, एखादी म्हैस, चार कोंबड्या आणि दीड-दोन बिघे जमीन, असा हा संसार. उंच मारवाडी घोडी ज्याला परवडते त्याच्याकडे ती असते; बाकीच्यांचे भागते ते तट्टावर. लग्नसराईत वरात, मधल्या काळात मुलांना फेरी, कधी गाडीला जुंपणे. या कुटुंबांच्या दृष्टीने तट्टू हे शेतातील सर्वांत मोठे भांडवल असते आणि त्याला विमा क्वचितच असतो.

या जनावरांकडे विस्तार यंत्रणेचे लक्ष फारसे जात नाही, याला कारण त्यांची घटती संख्या. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख भरली. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ४५ टक्क्यांची होती. एवढ्या थोड्या जनावरांसाठी वेगळा कार्यक्रम कोण आखणार, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते प्रश्न उलट विचारायला हवा. तट्टू गमावल्यावर हे कुटुंब दुसरे विकत घेत नाही, धंदा सोडते. जे जनावर एकदा गेले की ठाण कायमचे रिकामे होते, त्याच्यावर आधी लक्ष दिले पाहिजे.

लहान घोडा म्हटले की अलीकडे काही शहरी शेतघरांतून पाळले जाणारे परदेशी ‘मिनिएचर’ घोडे डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेतील संघटनेच्या निकषानुसार असा घोडा आयाळीच्या शेवटच्या केसापाशी ३४ इंचांहून उंच असता कामा नये. अर्जेंटिनातील फलाबेला याच वर्गातला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील बेटांवरचा शेटलँड ४२ इंचांपर्यंत जातो. आपले तट्टू यांच्याहून मोठे आणि पूर्ण उंचीच्या घोड्याहून लहान. तरी कीटकशास्त्राच्या दृष्टीने या सर्वांचा संसार सारखाच आहे. लहान अंग, जाड आयाळ, थोडक्यात भागणारे पोट, आणि औषधाच्या मात्रेत चूक झाली तर ती सोसण्याची क्षमता कमी.

आता आजाराविषयी. १८८० साली डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्यकाने सर्राने आजारी पडलेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा सूक्ष्म परजीवी पाहिला. सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करणारा ट्रिपॅनोसोमा प्रथम ओळखला गेला तो येथे, आपल्याच उपखंडात. परजीवीचे नावही त्यांच्यावरून पडले : ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. आफ्रिकेत या कुळातील इतर परजीवी त्सेत्से माशीच्या शरीरात वाढतात, आपले जीवनचक्र तेथे पूर्ण करतात. सर्राचे तसे नाही. येथे माशी केवळ दूषित सुईसारखे काम करते. एका जनावराचे रक्त पिताना तिला हुसकावले की ती उडते आणि सोंड ओली असतानाच शेजारच्या जनावरावर बसते. सोंडेवरचे रक्त वाळले की परजीवी मरतो, म्हणून हा सारा व्यवहार मिनिटांचा आहे. ज्या माशीचा दंश अधिक वेदनादायक, तिला जनावर अधिक वेळा हुसकावते, आणि म्हणून तीच रोग अधिक पसरवते.

या वर्णनाला पुरेपूर उतरते ती घोडमाशी. मादीचा मुखभाग सुरीसारखा असतो. ती कातडी कापून वर आलेले रक्त चाटते. दंश इतका तीव्र की तट्टू दाव्याला हिसडा देते. दुसरी तबेल्यातील चावरी माशी, स्टोमॉक्सिस. दिसायला हुबेहूब घरमाशी, मात्र तोंडापुढे टोकदार सोंड सरळ आलेली. घोडा पुन्हा पुन्हा पाय आपटतो आहे असे दिसले तर पायांवर हिचीच वस्ती आहे असे समजावे. घरमाशी चावत नाही, परंतु डोळ्यांच्या आणि जखमांच्या कडेला बसून हॅब्रोनिमा नावाच्या जंताच्या अळ्या सोडते. त्यातून पावसाळ्यात चिघळत राहणाऱ्या गाठी होतात. हिंदी मुलखात या जखमांना ‘बरसाती’ म्हणतात आणि ब्रिटिश काळातील पशुवैद्यकांनी हाच शब्द आपल्या इंग्रजी ग्रंथांत जसाच्या तसा उचलला होता. संध्याकाळी निघणारी चिलटे वेगळाच त्रास देतात. त्यांच्या दंशाची ॲलर्जी असलेले तट्टू आयाळ आणि शेपटीचा बुंधा खांबाला घासून घासून सोलून काढते. मालक त्याला खरूज समजून जळके तेल लावतो. त्याने कातडी अधिकच भाजते.

वरातीसाठी पांढऱ्या घोडीला मागणी असते. ही आवड मंगलतेच्या कल्पनेतून आलेली असली तरी कीटकशास्त्र तिच्या बाजूने आहे. हंगेरीतील गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवले की पांढऱ्या घोड्यांकडे घोडमाश्या कमी आकर्षिल्या जातात. काळसर, चकचकीत अंगावरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागाप्रमाणे एका दिशेने ध्रुवित होतो आणि घोडमाशी त्याच खुणेवर येते. पांढऱ्या केसांवरून येणाऱ्या प्रकाशात ही खूण पुसट होते. या संशोधनाला २०१६ चे इग्नोबेल पारितोषिक मिळाले, म्हणून हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. २०१९ साली ब्रिटनमध्ये घोड्यांना पट्ट्यापट्ट्यांची झूल घालून निरीक्षणे घेतली गेली. माश्या घिरट्या घालायच्या तेवढ्याच घालत, पण झुलीवर उतरणाऱ्या फार कमी असत. त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गायींवर पांढरे पट्टे रंगवले असता चावणाऱ्या माश्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. काळ्या किंवा लालसर तट्टाच्या मालकाला एवढे सांगता येईल : घरातील जुनी, पट्ट्यांची सुती चादर भर दुपारी पाठीवर टाकावी. खर्च काही नाही आणि नुकसानही नाही.

याउलट, आपल्याकडील काही सवयी माशीला सरळ मदत करतात. तट्टू अगाडी-पिछाडीने बांधले जाते. पुढून दोन दोर, मागच्या पायांना एक. जागा लहान, शेजारी म्हैस, लाथ बसू नये ही मालकाची अडचण खरी आहे. परंतु घोड्याचे माशीविरुद्धचे सारे डावपेच हालचालींचे आहेत : मान वळवणे, पाय झाडणे, कातडी थरथरवणे, शेपटीचा फटका. पिछाडी लावली की यातील निम्मे संपतात. त्यावर शोभेसाठी शेपूट छाटली तर उरलेलेही गेले. चातुर्मासात वरात नाही, शोभाही नको. शेपूट आणि कपाळावरची झुलपे वाढू द्यावीत, दिवसा पिछाडी सोडावी. खरारा मात्र रोज हवा. खरारा करताना पुढच्या पायांच्या केसांवर फिकट पिवळे, चिकटलेले ठिपके दिसले तर ती पोटात वाढणाऱ्या बॉट माशीची अंडी असतात. घोडा चाटतो तेव्हा त्यातून अळ्या तोंडात जातात आणि पुढे कित्येक महिने जठराला चिकटून राहतात. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून ती काढता येतात.

माशीचा बंदोबस्त म्हणजे फवारणी, हे समीकरण मला मान्य नाही. का, ते समजण्यासाठी लहान घोड्याचा दुसरा एक संसार पाहणे उपयोगाचे ठरेल. भीमथडीची तट्टे मराठी वाचकाला राज्यगीतामुळे ऐकून ठाऊक असतात. भीमेच्या खोऱ्यातील हा काटक, ठेंगणा घोडा मराठ्यांच्या घोडदळाबरोबर उत्तरेत दूरवर गेला. ज्या झाशीचा कारभार पुढे नेवाळकरांकडे आला, त्या मुलखातही मराठी फौजांचे तळ पडत होते. घोडदळे संपल्यावर हा घोडा टिकवला तो धनगरांनी. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतील मेंढपाळांचे वाडे आजही त्याच्या पाठीवर संसार लादून फिरतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे, आणि ती या मेंढपाळांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या कामाची पावती आहे.

धनगरांचा वाडा पावसाळ्यात पर्जन्यछायेच्या कोरड्या पठारावर असतो आणि पावसाळा सरल्यावर अनेक वाडे घाट उतरून कोकणाकडे जातात. पाऊस टाळण्याचा हा क्रम मेंढ्यांच्या खुरांसाठी असला तरी दाट ओलाव्यात फोफावणाऱ्या माश्यांपासूनही तो तट्टाला दूर ठेवतो. याहून महत्त्वाची गोष्ट मुक्कामांची. प्रवासात वाडा एका शेतात काही रात्रीच थांबतो. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, त्या खताबद्दल धान्य किंवा पैसे देतो, आणि वाडा पुढे सरकतो. बाया तट्टांवर भांडीकुंडी, कोकरे आणि कोंबड्या लादून पुढचा तळ गाठतात. मागे राहिलेल्या लिदेत माशीने अंडी घातलेली असतातच. त्या अंड्यांच्या माश्या होतील तेव्हा तट्टू पुष्कळ दूर गेलेले असते.

उष्ण, दमट हवेत घरमाशीचे अंडे एका दिवसाच्या आत फुटते, अळी पाच-सहा दिवस खाते, पुढचे चार-पाच दिवस कोषात जातात. अंड्यापासून माशीपर्यंत आठ ते बारा दिवस. चावऱ्या माशीला याहून जास्त, सुमारे दोन ते तीन आठवडे लागतात. धनगराचे तट्टू या चक्राच्या पुढे चालत राहते. सीपरी बाजारातील तट्टू चार महिने त्याच चक्राच्या मध्यभागी उभे असते. ते चालू शकत नसेल तर लीद चालली पाहिजे. आठवड्यातून दोनदा लीद ठाणापासून हलली, तर घरमाशीची एकही पिढी तेथे पूर्ण होत नाही. चावऱ्या माशीच्या बाबतीत नुसती लीद उचलून भागत नाही. तिला निव्वळ लिदेपेक्षा मुताने भिजलेला पेंढा, गव्हाणीखाली सांडलेला भुसा आणि कुजकी वैरण अधिक आवडते. मी पाहिलेल्या बहुतेक ठाणांवर समोरचा भाग रोज झाडलेला असतो आणि गव्हाणीच्या पायथ्याशी बोटभर काळा थर महिनोन्महिने तसाच राहतो. खुरप्याने तो थर उकरला की अळ्या दिसतात, आणि त्या मालकाला दाखवल्यावर बोलण्याची फारशी गरज उरत नाही.

उचललेल्या लिदेचे काय करावे, हा खरा प्रश्न. जागा नाही, म्हणून ती भिंतीमागे टाकली जाते आणि माश्यांचे माहेर वीस पावलांवर तयार होते. साधा हिशेब मांडू. दीडशे ते पावणेदोनशे किलो वजनाचे तट्टू दिवसाला साधारण सात-आठ किलो ओली लीद टाकते. दोन तट्टांची दिवसाला पंधरा किलो धरली तर चातुर्मासाच्या सुमारे १२० दिवसांत अठरा क्विंटल होते. घोड्याची लीद शेणापेक्षा सैल, हवेशीर असते आणि तिच्यातील कर्ब-नत्राचे प्रमाण कुजण्यास अनुकूल असल्यामुळे ढीग लवकर तापतो. मीटरभर लांब, रुंद आणि उंच ढीग झाला की आतील तापमान ५० अंशांच्या वर जाते आणि तेथे माशीची अळी जगत नाही. अळ्या उरतात त्या थंड कडांवर. म्हणून आठवड्याने ढीग उलटताना कडेचा भाग मध्यभागी घ्यायचा आणि वरून काळे प्लास्टिक टाकून त्याच्या कडा मातीत दाबायच्या. वाढ पूर्ण झालेली अळी कोषासाठी कोरडी जमीन शोधत ढिगाबाहेर सरपटते. दाबलेल्या कडा तिला अडवतात. जी सुटते तिच्यासाठी कोंबड्या आहेत. पावसाळ्यात उघडी लीद पातळ पसरून वाळवण्याचा उपाय चालत नाही, तो उन्हाळ्याचा. आणि ताजी लीद चराईच्या गवतावर टाकू नये, जंतांची अंडी पुन्हा घोड्याच्याच पोटात जातात.

सीपरी बाजारातील एका घरी हे काम घरातील वृद्ध माताजी पाहतात. मुलाने प्लास्टिकवर खर्च करायला नकार दिला, तेव्हा त्यांनी खताच्या दोन जुन्या गोण्या उसवून शिवल्या. दिवाळीनंतर तयार खत भाजीच्या वाफ्यांना गेले आणि उरलेले रोपवाटिकेवाल्याने नेले. पैसे थोडेच आले, पण ज्या महिन्यांत घोडी काही मिळवत नाही त्या महिन्यांची ती कमाई होती, आणि माताजींनी ती मुलाच्या हाती दिली नाही.

ढिगावर कीटकनाशक मारू नये, असे मी सांगते त्याला कारण आहे. लिदेत माशीबरोबर तिचे शत्रूही राहतात. स्पॅलॅन्जिया नावाची मुंगीएवढी काळी गांधीलमाशी कोषाला भोक पाडून आत अंडे घालते, आणि त्या कोषातून माशीऐवजी नवी गांधीलमाशी बाहेर पडते. काही भुंगेरे आणि कोळीवर्गीय जीव माशीची अंडी खातात. शेणकिडे लीद मातीखाली नेऊन माशीचे खाद्यच पळवतात. फवारणीने हे सर्व आधी मरतात, कारण त्यांची पिढी माशीपेक्षा सावकाश वाढते. माशी दहा-बारा दिवसांत परतते आणि तिला अडवणारे कोणी नसते. जंतांसाठी दिले जाणारे आयव्हरमेक्टिनसुद्धा लिदेतून बाहेर पडते आणि काही दिवस शेणकिड्यांच्या अळ्यांना मारक राहते. औषध द्यायला हवेच. पण औषध दिल्यावरची पहिल्या आठवड्याची लीद वेगळ्या, झाकलेल्या ढिगात टाकणे कठीण नाही.

आता म्हशीकडे वळू, कारण या लहान शेतांवर तट्टाचा धोका बव्हंशी म्हशीजवळून येतो. सर्राचा परजीवी म्हशीच्या रक्तात कोणतेही ठळक लक्षण न दाखवता दीर्घकाळ राहू शकतो. घोडमाशीला हुसकावल्यावर ती दूर जात नाही, जवळच्या जनावरावर बसते. अशाच पद्धतीने पसरणाऱ्या घोड्यांच्या एका विषाणुजन्य पांडुरोगासाठी अमेरिकेत बाधित घोडा इतरांपासून २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८० मीटर दूर ठेवण्याचा नियम आहे. दीड बिघ्यात हे शक्य नाही. पण एकाच खांबाला म्हैस आणि तट्टू बांधणे टाळता येते, दोघांमध्ये गोठ्याची भिंत किंवा दाट जाळी येऊ शकते, आणि दुपारी माश्या सर्वाधिक असताना तट्टू आत, अंधाऱ्या जागेत राहू शकते. घोडमाशी सहसा अंधारात शिरत नाही. चिलटे शिरतात, पण ती दुबळी उडणारी असल्यामुळे साध्या पंख्याच्या वाऱ्यापुढे टिकत नाहीत. संध्याकाळी धूर करण्याची पद्धत सर्वत्र आहे. उघड्यावर थोडा धूर चालतो, बंद पागेत मात्र त्याने घोड्याची फुप्फुसे बिघडतात.

म्हशीचे औषध घोड्याला देऊ नये, हे प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने तोंडपाठ ठेवावे. गोचिडांसाठी गुरांवर वापरले जाणारे अमित्राज घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, आणि त्यातून जीवघेणा पोटशूळ होतो. मोनेन्सिन मिसळलेले कोंबडीचे किंवा गुरांचे खाद्य घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते. एकाच कोठीत सर्वांचे खाद्य असलेल्या घरात ही चूक सहज घडते. गोणीवर मोठ्या अक्षरांत ‘घोड्याला नाही’ असे लिहून ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

याच ओघात एका भुंगेऱ्याचा उल्लेख करायला हवा. खरिपातील उडीद, मूग, तुरीच्या फुलांवर काळे-नारिंगी पट्ट्यांचे हिंगे येतात, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या अंगात कॅन्थरिडिन हे दाहक विष असते आणि मेलेल्या, वाळलेल्या हिंग्यातही ते टिकते. अमेरिकेत लसूणघासाच्या वाळल्या गठ्ठ्यांत चिरडले गेलेले याच कुळातील भुंगेरे खाऊन घोडे दगावल्याची प्रकरणे पशुवैद्यकांना चांगली ठाऊक आहेत. बुंदेलखंडात उडीद-मुगाचे काड तट्टापुढे सर्रास टाकले जाते. फुलोऱ्यातील हिरवे काड देऊ नये आणि वाळलेले देण्यापूर्वी झटकून घ्यावे. तट्टाचे वजन कमी, म्हणून त्याला इजा करायला भुंगेरेही कमीच पुरतात.

वजनाचा प्रश्न औषधांतही येतो. सर्रावर दिले जाणारे क्विनापायरामिन पशुवैद्यकानेच द्यायचे असते आणि त्याची मात्रा वजनावर ठरते. तट्टाचे वजन नजरेने धरले की बहुधा जास्त धरले जाते. मोजपट्टीने ते काढता येते : पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १३० आणि लांबी १२० असेल तर उत्तर सुमारे १७१ किलो येते. पशुवैद्यकाला बोलावण्यापूर्वी हा आकडा काढून ठेवला तर त्याचेही काम सोपे होते.

खाद्याबद्दल थोडक्यात सांगते, तो माझा प्रांत नव्हे. काम नसलेल्या तट्टाला चातुर्मासात चंदी जवळजवळ लागत नाही. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडे गवत त्याला पुरते; १७० किलोच्या तट्टाला अडीच ते साडेतीन किलो. झाशीत १९६२ पासून असलेल्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेने ज्या गवतांवर काम केले आहे, ती अंजन, मारवेल, पवना ही गवते या भागाला आणि तट्टाच्या पोटाला दोन्हीला मानवतात. हिरवी ज्वारी घोड्याला नियमित देऊ नये, मूत्राशय आणि मागच्या पायांच्या नसांवर तिचा परिणाम होतो. आणि ही लक्षणे सर्राच्या झोकांड्यांशी गल्लत करायला लावतात.

सर्रा ओळखणे अवघड असते, कारण ताप येतो-जातो. एके दिवशी घेतलेली रक्ताची काच निर्दोष निघाली तरी आजार नाही असे म्हणता येत नाही. घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून वहीत लिहिले तर तापाची चढउतार दिसते, आणि ताप चढलेल्या वेळी घेतलेल्या नमुन्यात परजीवी सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. फिकट हिरड्या, पोटाखाली किंवा पायांवर बोट दाबल्यास खड्डा राहणारी सूज, भूक असूनही घटणारे वजन, ही पुढची लक्षणे. नमुने पशुवैद्यकामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवता येतात. त्याच नमुन्यावर ग्लँडर्सची तपासणीही मागावी. तो माशीने पसरत नाही, सामाईक पाण्याच्या टाकीतून आणि नाकातील स्रावातून पसरतो, माणसालाही होतो, आणि २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याचा उद्रेक झाल्यापासून देशात तो पुन्हा पुन्हा आढळला आहे. वरातीत अनेक ठिकाणची घोडी एकत्र येतात तेव्हा आपल्या तट्टाची बादली वेगळी ठेवणे, एवढे तरी मालकाच्या हाती असते.

नमुना कधी घ्यावा, याचे उत्तर पंचांगातच आहे. दसऱ्याला घोड्याला न्हाऊ घालतात, खोगीर आणि लगाम बाहेर काढून पूजा करतात. सारे घर त्या दिवशी ठाणावर असते आणि जनावर जवळून पाहिले जाते. त्याच आठवड्यात पशुवैद्यकाला बोलावावे. दसऱ्यापासून कार्तिकी एकादशीपर्यंत सुमारे एक महिना मिळतो. नमुना जाऊन अहवाल येण्यास, उपचारास आणि त्यानंतरच्या विश्रांतीस तेवढा वेळ लागतोच. मुहूर्त उघडल्यावर बँडवाला थांबत नाही.